महाद्वार रोडजवळचं फ्रेमवालं दुकान: बॅकस्टेज पास, सेटलिस्ट आणि न निघालेली प्रेसनोट, पाचपैकी चार स्टार

चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगते की तुमच्याकडे कागदाची कुठलीही जुनी वस्तू असेल, पणजोबांची सनद असू दे, संगीत नाटकाचं हस्तपत्रक असू दे, नाहीतर माझ्यासारखी रॉक शोच्या चिठ्ठ्याचपाट्यांनी भरलेली पेटी असू दे, कोल्हापुरात दुसरीकडे जाऊ नका. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण मालकांनीच हात जोडले, "ताई, हायत तीच कामं उरकंनात, नाव तेवढं टाकू नका." महाद्वार रोडवरून आत जाणाऱ्या एका बोळात आहे, बाहेर अंबाबाई, ज्योतिबा आणि शाहू महाराजांच्या फ्रेमा टांगलेल्या, आत पट्टी कापायच्या मशीनचा आवाज, कुणालाही विचारा, फ्रेमवाले मामा म्हटलं की दाखवतात.

आता माझ्याकडे काय होतं ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कळेल. मी मुंबईत बरीच वर्षं म्युझिक पीआर केला. म्हणजे बाहेरचा बँड येणार असला की पेपरात बातम्या लावायच्या, एफएमवाल्यांना गाठायचं, कुठल्या पत्रकाराला इंटरव्ह्यू मिळणार आणि कुणाला नाही हे ज्याला मिळणार नाही त्याला गोड बोलून सांगायचं, फोटोग्राफरांच्या याद्या करायच्या आणि शोच्या दिवशी गेटवर उभं राहून "माझं नाव लिस्टमध्ये आहे, नीट बघा" म्हणणाऱ्यांशी भांडायचं. लोकांना वाटतं केवढं ग्लॅमर. अहो, कित्येक शो मी पाठ स्टेजकडे करून ऐकलेत. मोठ्या शोला फोटोग्राफरांना साधारण पहिली तीन गाणी मिळतात, फ्लॅश बंद, तिसरं गाणं संपलं की त्यांना पिटातून, म्हणजे स्टेजसमोरच्या जागेतून, बाहेर काढायचं, आणि ते काढायचं काम माझं, त्यामुळे चौथ्या गाण्याला मी कायम कुणाच्या तरी बॅगेचा पट्टा धरून ओढत असायचे.

तर अशा कामातून जे साठतं ते फॅन लोकांच्या साठ्यापेक्षा वेगळं असतं. फॅनकडे तिकीट असतं, टी-शर्ट असतो, नशीब असेल तर सही. माझ्याकडे होते गळ्यात घालायचे लॅमिनेट पास, कापडी स्टिकर पास, फोटोग्राफरांच्या याद्या ज्यावर पेनाने खाडाखोड, वेळापत्रकं ज्यात "साउंडचेक" च्या पुढे तीनदा वेळ बदललेली, जेवणाची कुपनं, विमानाचे बोर्डिंग पास, आणि कात्रणं, कात्रणं, कात्रणं. गिटारची पिकं, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकत्या, पण होती चारदोन, पण पिकांचं मला कधीच फारसं वाटलं नाही, बँडवाले ती छापूनच घेतात ढिगाने आणि मूठमूठ उधळतात. सह्यांचं तर बोलूच नका. ऑनलाइन जो माल विकला जातो त्यात खोटा किती असतो ते धंद्यातल्या माणसाला विचारा. खोटी सही करणारे आहेत, खोटा पास छापणारे आहेत, पण खोडलेली फोटोग्राफर लिस्ट कोण कशाला बनवेल? म्हणून मला तीच जास्त खरी वाटते.

रायडरच्या झेरॉक्स पण होत्या, म्हणजे बँडच्या करारासोबत येणारी मागण्यांची यादी. त्या मात्र फ्रेम केल्या नाहीत, दुसऱ्यांच्या कराराचे कागद भिंतीवर लावायचे नसतात. रायडरचं नाव निघालं की लोक हसतात, व्हॅन हेलन या अमेरिकन बँडची १९८२ ची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, की वाडग्यातल्या एम अँड एमच्या रंगीबेरंगी चॉकलेट गोळ्यांमधून चॉकलेटी रंगाच्या तेवढ्या वेचून काढा. नखरे वाटतात, पण त्यांचा सेट अवजड होता, विजेचं आणि वजनाचं गणित चुकलं तर माणूस मरेल अशी परिस्थिती, आणि वाडग्यात चॉकलेटी गोळी दिसली की आयोजकाने करार नीट वाचलेला नाही हे कळायचं, मग सगळं स्टेज परत तपासायचं. बँडच्या गायकानेच हे नंतर सांगितलंय. आपल्याकडे लग्नात हॉलवाल्याशी करार करताना पण असं एखादं कलम घालायला हरकत नाही.

बरं. पेटी आमच्या शाहूपुरीच्या घरात माळ्यावर होती. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी त्याच्या कितीतरी वर. माळ्यापर्यंत पाणी पोचलं नाही, पण घर इतके दिवस ओलं राहिलं की दमट हवेनेच कागद फुगले, लॅमिनेटचं प्लास्टिक शेजारच्या फोटोला चिकटलं, वरच्या कात्रणांवर बुरशीचे ठिपके. २०२१ ला परत तेच. तेव्हाच ठरवलं की यातलं जे खरंच ठेवण्यासारखं आहे ते काचेआड घालायचं आणि बाकीचं स्कॅन करून कपाटात.

दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं की मामा हसणार. काउंटरवर पिशवी उलटी केली आणि सगळ्यात वर आलं आयर्न मेडन या मेटल बँडचं पोस्टर, त्यावर त्यांचा तो ठरलेला एडी, हाडाचा सापळा, दात विचकलेला. शेजारी एक आजी नातवाच्या कुस्तीच्या सत्काराचा फोटो न्यायला आल्या होत्या, त्यांनी पोस्टर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग मामांना विचारलं, "ह्यो देवघरात लावायचा हाय?" मामा अगदी शांतपणे म्हणाले, "न्हाई आज्जी, हॉलमध्ये." तिथेच मला माणूस पटला.

आणि मग ते एकेक वस्तू हातात घेऊन, पालथी करून, उजेडात तिरकी धरून बघायला लागले. कुठला बँड, कोण गायक, काही विचारलं नाही. विचारलं ते हे, की कागद कुठला, शाई पेनाची का मार्करची, हे चिकटवलेलं होतं का, कशाने. मी म्हटलं हा पास २००८ चा, १ फेब्रुवारीला मुंबईत बीकेसीत आयर्न मेडन झाला होता त्याचा, आणि उत्साहाने सांगायला लागले की बँड स्वतःपुरतं भाड्याने घेतलेलं बोईंग ७५७ घेऊन आला होता आणि विमान चालवत होता त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन, सगळ्या जगाचा दौरा मुंबईपासून सुरू झाला. पीआरवाल्याला अशी आयती बातमी आयुष्यात क्वचित मिळते हो, ज्यांना हेवी मेटल म्हणजे काय ते माहीत नाही असे पण गायक-पायलट म्हटल्यावर कान टवकारतात. आदल्या वर्षी, मार्च २००७ मध्ये, ते बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर येऊन गेले होते, त्या लेव्हलचा मेटल बँड भारतात पहिल्यांदाच आला होता, तेव्हाची कात्रणं निम्मी पण नाहीत. मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इमानाचं ऱ्हाऊ दे ताई, ह्या प्लास्टिकला वास का येतोय ते सांगा."

तो वास म्हणजे जुन्या मऊ प्लास्टिकचा. त्यांचं म्हणणं, असलं प्लास्टिक घाम सोडतं, ते फोटोला किंवा छापील कागदाला टेकवून ठेवलं की शाई ओढून घेतं. म्हणून लॅमिनेट पास त्यांनी वेगळ्या खोल फ्रेमात घेतले, प्रत्येकाच्या मागे पातळ फिल्म, गळ्यातली दोरी गुंडाळून खाली टाक्याने धरलेली, चिकटवलेली नाही. कापडी पासची गंमत वेगळी. हे साटीनसारख्या चकचकीत कापडाचे असतात, मागे गोंद, एका दिवसापुरते, आणि प्रत्येक शोला रंग किंवा आकार बदलतात म्हणजे कालचा पास लावून आज कुणी आत घुसू नये. मांडीवर जीन्सला लावायचा, लेदरच्या जॅकेटवर लावला तर जॅकेट गेलंच म्हणून समजा. माझे सगळे वापरलेले, म्हणजे मागे जीन्सचे निळे धागे, कडा उसवलेल्या. मी विचारलं, हे धागे काढून स्वच्छ करता येईल का? मामा म्हणाले, "येतंय की. पण मग नवा आणि ह्यो ह्यात फरक काय ऱ्हायला?"

हीच या दुकानाची खासियत आहे. बाकीचे फ्रेमवाले वस्तू चांगली दिसावी म्हणून झटतात, हे वस्तू आहे तशी टिकावी म्हणून झटतात. फरक कळायला सेटलिस्टचं, म्हणजे शोमध्ये कुठली गाणी कुठल्या क्रमाने वाजवायची त्या यादीचं, उदाहरण देते.

डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला एनएच सेव्हन वीकेंडर हे म्युझिक फेस्टिव्हल पहिल्यांदा झालं, तिथली एका देशी बँडची सेटलिस्ट माझ्याकडे आहे. ए-फोर कागद, जाड काळ्या मार्करने गाण्यांची नावं, एक गाणं खोडून त्याच्यावर बाण, आणि चारी कोपऱ्यांना काळी कापडी टेप, जी स्टेजवर वायरी चिकटवायला वापरतात. कागद स्टेजच्या फळीवरून उपटून काढला होता म्हणून टेपला फळीचा काळा रंग पण थोडा आलाय. आता इतक्या वर्षांत टेपचा गोंद वितळून कागदात उतरला होता, कोपरे तेलकट, पारदर्शक झाल्यासारखे. मामांनी ब्लेडच्या टोकाने गोंदाचा फक्त वर आलेला चिकट थर काढला, टेप तशीच ठेवली, तिच्याखाली सिलिकॉनचा कागद सरकवला म्हणजे गोंद माउंटला, फ्रेममधल्या पुठ्ठ्याला, लागणार नाही. आणि कागद बोर्डवर धरायला त्यांनी काय वापरलं माहितीय? गव्हाच्या सत्त्वाची खळ, स्टोव्हवर माझ्यासमोर शिजवलेली, आणि पातळ जपानी कागदाच्या दोन बोटभर पट्ट्या, फक्त वरच्या कडेला. म्हणजे कागद वरून लटकतो, दमट हवेत फुगायला जागा राहते, आणि उद्या काढायचा झाला तर ओल्या कापसाने पट्टी सुटते. त्यांचे वडील खळीत मोरचूद घालायचे, झुरळं खाऊ नयेत म्हणून, पोस्टर चिकटवणारे सगळेच घालायचे, पण हे म्हणाले की असल्या कामाला मोरचूद नको, कागदाला पुढे त्रास होतो, त्यापेक्षा फ्रेम मागून नीट बंद करावी. फेविकॉलची बाटली दुकानात आहे पण ती फक्त लाकडासाठी.

हे सगळं शिकले कुठे म्हणून विचारलं. वडिलांकडून काही, मुंबईतल्या एका म्युझियमच्या माणसाने दाखवलं काही, आणि जास्तीत जास्त गिऱ्हाइकांच्या वस्तूंवरून. कोल्हापूर म्हणजे बाबूराव पेंटर, महाराष्ट्र फिल्म कंपनी, मग १९२९ ला इथेच सुरू झालेली प्रभात, हिकडं अल्लादिया खाँसाहेब, देवल क्लब, नाटक मंडळ्या, त्यामुळे जुन्या घरातून काहीबाही निघतच असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर लोक घरातले नाटकाचे फोटो आणि हस्तपत्रकं घेऊन जास्त यायला लागले असं ते सांगत होते. ज्या माणसाने असले कागद हाताळलेत त्याला माझे बॅकस्टेज पास म्हणजे काय अवघड?

आता ज्याचा मला अजून राग आहे ते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुंबईत एका झेरॉक्सवाल्याकडे माझा बोर्डिंग पास लॅमिनेट करायला दिला होता, ऑक्टोबर २०११, मेटालिका या मेटल बँडच्या शोच्या वेळचा दिल्लीचा. बोर्डिंग पास थर्मल कागदावर असतो, म्हणजे शाईच नसते, कागदाला उष्णता लागली की तो काळा पडतो, त्यावरच अक्षरं उठतात. लॅमिनेशनच्या मशीनमधून गेला आणि बाहेर आला तो पूर्ण काळा, तव्यावर विसरलेल्या भाकरीगत. तो पण वर मलाच म्हणाला कागद खराब होता. तेव्हा बसची तिकिटं, एटीएमच्या पावत्या, थिएटरची तिकिटं, असलं काही जपून ठेवायचं असेल तर आधी फोटो काढा, लॅमिनेशन अजिबात नको, उन्हापासून लांब ठेवा. मामा पण तेच म्हणाले, थर्मल कागद फ्रेम करून पैसे घालवू नका, काही वर्षांत तसाही उडतोच, कलर प्रिंट काढून ती लावा आणि मूळ कागद मागच्या पाकिटात ठेवा. हे पाकीट त्यांची स्वतःची आयडिया आहे, प्रत्येक फ्रेमच्या पाठीला जाड कागदाचं पाकीट, त्यात वस्तू कुठली, कधीची, कशाने धरलीय हे पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. माझा काळा बोर्डिंग पास पण त्यातच गेला.

मेटालिकाचं निघालंच आहे तर माझ्या सगळ्या साठ्यातला जो कागद मला सगळ्यात आवडतो त्याचं सांगते. २०११ च्या ऑक्टोबरात मेटालिका पहिल्यांदा भारतात येणार होते, २८ ला गुडगाव आणि ३० ला बंगळूर. गुडगावला मी एका स्पॉन्सरच्या बाजूने पीआर बघत होते. आता धंद्यातली गोष्ट अशी की शो संपल्यावर प्रेसनोट लिहीत बसलं तर पेपरची वेळ निघून जाते, म्हणून ती आदल्या दिवशीच लिहून ठेवायची, "____ हजार रसिकांच्या उपस्थितीत" अशी जागा सोडून, रात्री आकडा भरायचा आणि पाठवायची. मी तशी लिहून, प्रिंट काढून, क्लायंटकडून सही करून तयार ठेवलेली. आणि शो झालाच नाही. स्टेजसमोरचं बॅरिकेड टिकलं नाही, आधी सांगितलं उद्यावर ढकललाय, लोकांनी स्टेजवर चढून मोडतोड केली, मग शो रद्दच. बंगळूरचा मात्र दोन दिवसांनी दणक्यात झाला. तर ती प्रेसनोट माझ्याकडे राहिली, "रसिकांनी अविस्मरणीय रात्र अनुभवली" वगैरे, आकड्याची जागा कोरी.

मामांनी तिच्यासोबतचा माझा पास बघितला आणि विचारलं, "ह्यो मागून सुटलेलाच न्हाई, वापरला न्हाईसा काय?" म्हटलं शो झाला नाही, आणि प्रेसनोट वाचून दाखवली. खो खो हसले, "बाजारात तुरी म्हणा की!" आणि मग त्यांनीच सुचवलं की दोन्ही एकाच माउंटमध्ये घ्या, नोट वर, पास खाली, मागचा कागद न काढलेला, आणि नोटवरची ती कोरी जागा बरोबर नजरेच्या रेषेत येईल अशी. घरी आलेला प्रत्येक जण आता एडीला सोडून त्याच फ्रेमपाशी थांबतो.

कात्रणांच्या बाबतीत त्यांनी चक्क काम नाकारलं. पेपरचा कागद स्वस्त लगद्याचा, त्यात आम्ल असतं, काचेआड ठेवलात तरी पिवळा होऊन तुकडे पडणार, आणि शेजारच्या चांगल्या कागदाला पण पिवळं करणार. स्कॅन करा, चांगल्या कागदावर प्रिंट काढा, ती फ्रेम करतो, म्हणाले. धंदा सोडून खरं बोलणारा माणूस. मी एप्रिल २००३ ची तेवढी करून घेतली, रोलिंग स्टोन्स आले होते तेव्हाची, ४ तारखेला बंगळूर, ७ ला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम. तेव्हा मी नवशिकी, पाणी आणि पास वाटायच्या कामावर. आमच्या सीनियर लोकांना मुंबईतल्या रंगभवन या खुल्या थिएटरचं कौतुक, १९८० ला तिथे 'द पोलीस' नावाचा इंग्लिश रॉक बँड वाजवून गेला, १९८६ ला तिथेच आय-रॉक हे रॉक फेस्टिव्हल सुरू झालं, बाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज म्हणून पुढे सायलेन्स झोनमध्ये ती जागा बंदच पडली. त्यांच्यासमोर आम्ही ब्रेबॉर्नवाले म्हणजे कालची पोरं.

आता रेट. साधी फोटो फ्रेम ४०० रुपयांपासून. माझं जे काम होतं, कॉटनचा माउंट बोर्ड, ऊन अडवणारं अॅक्रिलिक, ते आणि कागद यांच्या मध्ये पट्टी घालून अंतर, मागे हार्डबोर्डऐवजी पोकळ प्लास्टिक शीट, त्याला ए-थ्रीच्या आसपासच्या साइजला २,६०० पडले, खोल फ्रेमला ४,८००. महाग आहे, मान्य. पण साध्या माउंटची कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तो डाग आतल्या कागदावर उतरतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना हे पटेल. ज्यांना लग्नाचा फोटो लावायचाय त्यांनी ४०० वालीच घ्यावी, फोटोची दुसरी प्रिंट निघते, सेटलिस्टची निघत नाही. काचेऐवजी अॅक्रिलिक कशाला म्हणाल तर हलकं, फुटत नाही, पण त्याला स्थिर वीज असते, धूळ ओढतं, कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत, विचारावं लागतं.

आणि पाचवा स्टार. एक तर वेळ. दिलेली तारीख ही फक्त बोलायची गोष्ट आहे. गणपतीच्या आधी गेलात तर ते सरळ सांगतात की दसऱ्यानंतर या, ते ठीक, पण दसऱ्यानंतर गेल्यावर दिवाळीनंतर या म्हणतात. त्यात ते अॅक्रिलिक बाहेरून मागवावं लागतं, ते एकदा चुकीच्या जाडीचं आलं आणि परत गेलं. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत, उचलला तर "या की निवांत". दुसरं म्हणजे डिझाइनची नजर. मामांना सोनेरी पट्टी आणि मरून वेल्व्हेट याशिवाय काही सुंदर वाटतच नाही. रॉक शोच्या पासला सोनेरी वेलबुट्टी! मी साधी काळी लाकडी पट्टी मागितली तर चेहरा असा केला की जणू मी घरातलं कुणीतरी गेल्याची बातमी दिली. ठाम राहा, ते ऐकतात, पण सॅम्पलची पट्टी हातात घेऊन त्यावर खडूने खूण करून या, नाहीतर हळूच एक बारीक सोनेरी रेघ येतेच. माझ्या एका फ्रेममध्ये आलीय. तिसरं, एका फ्रेमचा कोपरा नीट बसला नव्हता, फट लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली होती, दाखवल्यावर काही न बोलता नवीन पट्टी कापून दिली, पैसे घेतले नाहीत, पण घरी नेण्याआधी चारी कोपऱ्यांवर नख फिरवून बघा. मागच्या कड्या पण एक वर एक खाली होत्या, फ्रेम भिंतीवर तिरकी, ते मात्र मी घरीच पक्कडने सरळ केलं.

पण वस्तूची काळजी म्हणाल तर नाद खुळा. माझी पेटी त्यांच्याकडे पावसाळाभर होती, ती त्यांनी दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली होती, आणि प्रत्येक वस्तूची नोंद कार्बनच्या बिलबुकात, "१ कापडी बिल्ला, निळा, कोपरा उसवलेला" अशी. पूर आला असता तर पहिल्यांदा काय उचलायचं याची पण त्यांनी यादी केली होती, त्यात अंबाबाईचे फोटो एक नंबरला आणि गिऱ्हाइकांच्या जुन्या वस्तू दोन नंबरला, स्वतःची मशीन सगळ्यात शेवटी.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आधी जा, नंतर महाद्वारला गाडी लावायची सोयच नाही, बिंदू चौकात लावून चालत या. सोमवारी बंद. अर्धे पैसे आधी, यूपीआय चालतं. वस्तू पिशवीत कोंबून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून न्या, नाहीतर कामाच्या आधी पंधरा मिनिटं बोलणी खायची तयारी ठेवा. बार्गेनिंग करू नका, त्याने मामांचा पट्टी कापायचा कोन बिघडतो.

टी-शर्टचं काम अजून त्यांच्याकडेच आहे. पाठीवर दौऱ्याच्या तारखांची यादी छापलेला शर्ट, काखेत विटलेला, आणि यावर आमचं एकमत होत नाहीये, मला पाठ दिसायला हवीय कारण शहरांची यादी तिथेच आहे, त्यांचं म्हणणं की माणसाची पाठ कोण भिंतीवर लावतं. शर्ट बोर्डवर बारीक टाके घालून धरणार आहेत, गोंद नाही, एवढं ठरलंय. पट्टी काळीच सांगितलीय, खडूने खूण करून, आणि बिलावर पण लिहून घेतलंय.